होडी पळवायची तर आधी रुंदी बघा, इंजिन नंतर

स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये २०२४ ला कॅन्डेला पी-१२ नावाची विजेवर चालणारी फेरीबोट धावायला लागली, पाण्याखालच्या पंखांवर ती वर उचलली जाते आणि मागे लाट जवळजवळ उठतच नाही. तिचे व्हिडिओ फिरायला लागल्यापासून जो तो म्हणतोय की कमी ताकदीत जोरात पळणारी बोट स्वीडननं आत्ता काढली. बोट भारीच आहे, वादच नाही. पण त्याच पाण्यात शंभरेक वर्षांपूर्वी कार्ल गुस्ताफ पेटरसन (१८७६–१९५३) नावाच्या माणसानं हेच कोडं नुसत्या लाकडात बऱ्यापैकी सोडवलं होतं, आणि त्याच्या आराखड्यांवरून बांधलेल्या मोटरबोटींना स्वीडनमध्ये आजही पेटरसन-बोट म्हणूनच ओळखतात.

तेव्हाची अडचण काय होती, तर ताकद. स्वीडनच्याच पेंटा कंपनीचं पहिलं बोटीचं इंजिन, बी-१, १९०७ साली आलं, एक सिलिंडर आणि ३ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या स्कूटरमध्ये याच्या दुपटीहून जास्त असते. नंतर इंजिनं सुधारली, पण महाग आणि जडच राहिली. मग एवढ्याशा ताकदीत घरच्यांना घेऊन बेटांवर जायचं, रात्री आत झोपायचं, आणि तासन् तास रखडायचंही नाही, हे जमवायचं कसं? पेटरसनची बोट साधारण १० ते १२ मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम २ मीटर किंवा थोडी जास्त. आजची १० मीटरची मोटरबोट सहज ३ मीटरच्या वर रुंद असते. सगळी गंमत या फरकात आहे.

आता जरा नीट बघा. होडी पुढे जाते तेव्हा नाकाशी पाणी वर चढतं आणि तिथून लाट सुरू होते, ही लाट होडीबरोबरच, तिच्याच वेगानं पुढे सरकते. खोल पाण्यातल्या लाटेचा एक पक्का नियम आहे: दोन शिखरांमधल्या अंतराचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, त्याला १.२५ नं गुणा, की लाटेचा वेग मिळतो, मीटर प्रति सेकंदात. म्हणजे वेग वाढला की लाट लांब होणारच, दुसरा इलाज नाही. हळू जाताना होडीच्या कडेला दोन-तीन शिखरं दिसतात, वेग वाढवला की ती मागे मागे सरकतात, आणि ९ मीटरची होडी ताशी साडेतेरा किलोमीटरला पोचली की लाटही ९ मीटरची होते, एक शिखर नाकाशी, दुसरं शेपटीशी, मधे खड्डा आणि खड्ड्यात होडी. त्याहून जोरात जायला गेलात तर मागचं शिखर शेपटीच्याही मागे निसटतं, शेपूट खड्ड्यात बसते, नाक वर होतं आणि होडी स्वतःच केलेली लाट चढत बसते. इथे इंजिन दुप्पट केलं तरी वेग किरकोळच वाढतो, बाकीचं तेल लाटा उठवण्यात जातं. मोठं इंजिन म्हणजे जास्त वेग, हा समज नेमका इथे फसतो.

वेगाला अडवणारी ही भिंत किती उंच असणार ते मात्र रुंदीवर ठरतं. ऑस्ट्रेलियन गणिती जॉन हेन्री मिशेल यानं १८९८ मध्ये पातळ आकाराच्या जहाजासाठी याचं गणित मांडलं, सूत्र बघून घाम फुटतो (आत तीन पदरी इंटिग्रल आहे) पण सार सोपं आहे. लांबी आणि खोली तीच ठेवून रुंदी निम्मी केली तर बाजूला सारलं जाणारं पाणी निम्मं, म्हणून लाटेची उंची निम्मी, आणि लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गावर अवलंबून असते म्हणून लाटांपायी होणारा विरोध एकदम पाव! जागा गेली निम्मी, विरोध गेला पाऊण. पाण्याच्या घर्षणाला ही सूट नाही हं, ते ओल्या लाकडाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि लांब होडीला ते भरावंच लागतं. शिवाय या बोटींचा तळ नाकाशी धारदार आणि मागे जाता जाता सपाट होत जातो, त्यामुळे वेगात शेपटीला खालून आधार मिळतो, ती खड्ड्यात फार बसत नाही.

मधेच एक सांगतो. या जुन्या बोटी इतक्या देखण्या का, तर म्हणे गोल्डन रेशो. कुठल्याही सुंदर वस्तूवर १.६१८ चा शिक्का मारायची लोकांना खोडच आहे. इथे लांबी-रुंदीचं गुणोत्तर पाचच्या आसपास येतं, आणि ते लाटांनी ठरवलंय.

फुकट काहीच मिळालं नाही अर्थात. होडीचा आकार तिला कलंडण्यापासून सावरतो तो जोर रुंदीच्या घनावर अवलंबून असतो, रुंदी निम्मी केली की तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून या बोटींची केबिन बुटकी आणि इंजिन तळाशी, वर उंच मजले चढवायची सोयच नाही, आणि आडव्या लाटेत त्या डुलतात त्या डुलतातच. उघड्या समुद्रावर रोज असं कुणी सोसलं नसतं. पण स्टॉकहोमसमोर हजारो बेटं आहेत, त्यांच्या आडोशाला मोठी लाट उठतच नाही, आणि शहराच्या आतल्या अंगाला मेलारेन सरोवराचं शांत पाणी. त्या पाण्यासाठी हा आकार अगदी मापात बसला.

मग मागे का पडला? एक तर फायबरच्या बोटी आल्या. आणि १९५९ मध्ये व्होल्वो पेंटानंच (व्होल्वोनं पेंटा १९३५ ला विकत घेतली होती) अ‍ॅक्वामॅटिक नावाची जोडणी बाजारात आणली, इंजिन बोटीच्या आत आणि पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा पाय मागे बाहेर. भरपूर ताकद आटोपशीर जागेत मावायला लागली, रुंद बोटसुद्धा आपली लाट ओलांडून पाण्यावर घसरत पळायला लागली, आणि ऐसपैस केबिन मिळत असताना अरुंद होडीत अंग चोरून कोण बसणार? तेल स्वस्त होतं तोवर हा हिशोब बरोबरच होता. बॅटरी आली आणि प्रत्येक किलोवॉट-तासाचं वजन होडीतच वाहायची वेळ आली, तेव्हा लाटांवर किती ऊर्जा उधळतोय हा हिशोब परत मांडावा लागला, आणि कॅन्डेलावाल्यांनी तर होडी अरुंद करण्याऐवजी पाण्यातून उचलूनच घेतली.