मोठ्या माणसांनी मोठा हूप घ्यावा

मोठ्या वयात हूप नाच, म्हणजे कमरेभोवती प्लास्टिकची रिंग (हुलाहूप) फिरवत करायचा नाच, शिकायचं मनात आलं की बहुतेक जण घरात पडलेला मुलांचा हूप उचलतात. तो कमरेभोवती धरून जोरात फिरवतात, कंबर गरागरा हलवतात आणि दोन-तीन फेऱ्यांत हूप घोट्यांशी येऊन पडतो. मग ठरलेलं वाक्य येतं: आता वय झालं, कंबर पूर्वीसारखी लवचीक राहिली नाही. यातला वयाचा भाग मला पटत नाही. दोष बहुतेक वेळा हूपच्या व्यासाचा असतो, आणि ते शाळेतल्या भौतिकशास्त्रातून सहज दाखवता येतं.

फिरणारा हूप कमरेला एका वेळी एकाच ठिकाणी टेकतो. पोटाला टेकला असेल तर त्याचा बाकीचा सगळा घेर पाठीमागे गेलेला असतो. टेकण्याची ही जागा कमरेभोवती सरकत राहते आणि तिच्याबरोबर हूपचं केंद्रही शरीराभोवती एका लहान वर्तुळात फिरतं. या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे हूपची त्रिज्या वजा कमरेची त्रिज्या. गोल फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूला आत वळवणारं बल लागतं. इथे ते कंबर देते, म्हणून हूप कमरेवर दाबला जातो. त्या दाबामुळे घर्षण तयार होतं आणि घर्षण हूपला खाली घसरू देत नाही.

आता गंमत अशी की या हिशेबात हूपचं वजन येतं आणि लगेच कटूनही जातं. जड हूपला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण जास्त, पण तो कमरेवर दाबतोही तेवढ्याच पटीनं जास्त. उरतात तीन गोष्टी: हूप किती वेगानं फिरतो, घर्षण किती आहे आणि हूप कमरेपेक्षा किती मोठा आहे.

आकडे घालून पाहू. कमरेचा घेर ८८ सेंटीमीटर धरला तर तिची त्रिज्या साधारण १४ सेंटीमीटर येते. मुलांचा हूप ७० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्रिज्यांमधला फरक २१ सेंटीमीटर. एक मीटर व्यासाच्या हूपसाठी हाच फरक ३६ सेंटीमीटर. हूप पडू नये म्हणून एका फेरीला जास्तीत जास्त किती वेळ चालेल, हे या फरकाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. म्हणजे मोठा हूप प्रत्येक फेरीला जवळजवळ एक तृतीयांश वेळ जास्त देतो. घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर लहान हूपची फेरी ०.५८ सेकंदात संपवावी लागते, मोठ्याची ०.७६ सेकंदात. ऐकायला हा फरक किरकोळ वाटेल. पण स्पर्श जाणवून त्यावर हालचाल करायलाच माणसाला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. ज्याला अजून ताल सापडलेला नाही, त्याच्यासाठी ती वाढीव सवलत म्हणजे हूप पडणं आणि टिकणं यातला फरक ठरू शकते.

मुलांना तोच लहान हूप जमतो, कारण त्यांची कंबरच लहान असते. त्रिज्यांमधला फरक त्यांच्या वाट्याला जास्त येतो. त्यांच्या लवचीकपणाचं कौतुक आपण जरा जास्तच करतो.

म्हणून नवशिक्या प्रौढानं साधारण ९५ ते १०५ सेंटीमीटर व्यासाचा हूप घ्यावा. जमिनीवर उभा धरला की तो बेंबीपासून छातीच्या खालच्या टोकापर्यंत कुठेतरी पोचला पाहिजे. अंगानं भारदस्त असाल तर आणखी मोठा घ्या, त्यात काही कमीपणा नाही. वजन ६०० ते ९०० ग्रॅम पुरे. वजन हिशेबातून कटतं हे खरं असलं तरी फार हलका हूप कमरेवर कुठे आहे ते नीट जाणवत नाही. जरा वजनदार हूप आपली जागा स्वतःच सांगत राहतो. घर्षणाची सोय तर फुकट होते. हूपवर खरखरीत कापडी टेप गुंडाळा आणि अंगात सुती कपडे घाला. गुळगुळीत सिंथेटिक टी-शर्टवरून चांगला चाललेला हूपसुद्धा सटकतो.

मात्र घर्षणाचा हा हिशेब सोपा असला तरी अपुरा आहे. नुसत्या घर्षणावर हूप तग धरू शकत असता, तर सरळसोट खांबावरही तो एका उंचीवर टिकला असता. न्यूयॉर्क विद्यापीठातले गणितज्ञ लेफ रिस्ट्रोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांनी माणसाच्या दहाव्या भागाएवढ्या आकाराचे, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले देह मोटरवर घुमवले आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या छोट्या हूपचं अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. दंडगोलावरून हूप खाली घसरला. शंकूच्या आकारावर तो एक तर वर चढत गेला किंवा खाली आला, एका जागी थांबला नाही. डमरूसारख्या, मध्ये बारीक असलेल्या आकारावर मात्र तो टिकून राहिला. कंबरेखालचा उतार हूपला वरच्या दिशेनं रेटतो आणि मधली खोलगट वळणं त्याला वरखाली भटकू देत नाहीत. विशेष म्हणजे शरीराचा आडवा छेद गोल आहे की लंबगोल, यानं काही फरक पडला नाही. पोट पुढे आलेलं आहे म्हणून हूप जमणार नाही, ही भीती त्यामुळे सोडून द्यायला हरकत नाही. कंबर फारशी बारीक नसलेली माणसंही हूप उत्तम फिरवतात. वेग आणि हालचाल थोडी वाढवून ती आकाराची उणीव भरून काढतात.

आता हालचालीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हूप गोल फिरतो म्हणून कंबरही गोल फिरवायची, असं सगळ्यांना वाटतं. करून पाहिलं की कंबर एकीकडे आणि हूप दुसरीकडे. त्याऐवजी एक पाय थोडा पुढे ठेवा, गुडघे सैल सोडा आणि शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर, पुढच्यावरून परत मागच्यावर न्या. एवढंच. कंबर एका रेषेत काही सेंटीमीटर पुढेमागे होते आणि हूप गोल फिरत राहतो.

सरळ रेषेतल्या हालचालीनं गोल फिरणं कसं चालू राहतं? गणिताच्या नजरेनं पुढेमागे हलणं म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या दोन सारख्या वर्तुळाकार गतींची बेरीज असते. त्यातली जी गती हूपच्या दिशेनं चालते ती त्याच्याबरोबर राहून त्याला ऊर्जा पुरवते. उलट दिशेची गती कधी ढकलते, कधी अडवते, आणि फेरीअखेर तिचा परिणाम जवळपास शून्य होतो. हूपची एका फेरीत खर्च होणारी ऊर्जा तशी थोडीच असते. तेवढी वेळेवर भरून दिली की झालं. हूप पोटावरून जाताना पुढे ढकल, पाठीवरून जाताना मागे ढकल, इतकी साधी ही वेळ आहे. जोर कितीही लावला आणि तो चुकीच्या क्षणी लागला, तर हूपला ब्रेकच बसतो.

जाता जाता एक छोटा प्रयोग. हूपवर एका जागी रंगीत पट्टी चिकटवा आणि कुणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. हूप कमरेभोवती एक फेरी पूर्ण करतो, पण पट्टी मात्र पूर्ण फेरी करत नाही, ती मागे पडते. कारण हूप कमरेवरून चाकासारखा लोळत जातो आणि त्याचा घेर कमरेच्या घेरापेक्षा मोठा असतो. एक मीटरचा हूप आणि ८८ सेंटीमीटरची कंबर असेल तर शंभर फेऱ्यांमागे पट्टी सुमारे ७२ वेळाच फिरून येते.

या पुढेमागे होण्यात पायांची काय भूमिका असते, हे रमेश बालसुब्रमण्यम आणि मायकल टर्वी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. हूप फिरवणाऱ्यांच्या पायांच्या सांध्यांची हालचाल मोजल्यावर ती दोन भागांत वाटलेली निघाली. खुबा आणि घोटा मिळून शरीराला आडवं हलवतात, तर गुडघा मुख्यतः वरखाली तोलण्याचं काम पाहतो. नवशिक्याचे गुडघे नेमके कडक असतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी मांडलेल्या कल्पनेशी हे जुळतं. नवी हालचाल शिकताना शरीर आधी बरेचसे सांधे गोठवून टाकतं, म्हणजे सांभाळायच्या गोष्टी कमी होतात, आणि कौशल्य वाढलं की एकेक सांधा मोकळा करतं. त्यामुळे पहिल्या दिवशी लाकडासारखं वाटलं तर त्यात वयाचा काही संबंध नाही. गुडघे जाणीवपूर्वक सैल ठेवले की ही पायरी लवकर ओलांडता येते.

लक्ष कुठे ठेवायचं, यालाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या यंत्रावर शिकणाऱ्यांमध्ये पाहिलं, की स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. पुढे अनेक खेळांत असंच आढळलं. हूपमध्येही कमरेचा विचार करत बसण्यापेक्षा हूप आत्ता अंगावर कुठे टेकतोय तेवढंच अनुभवावं. आणि रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एका रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा सराव दिवसांत विभागलेला बरा, कारण हालचालीची स्मृती सरावाच्या मधल्या काळात, विशेषतः झोपेत, पक्की होते.

हूप खाली घसरू लागला की काय करायचं? दोन उपाय आहेत. एक म्हणजे गुडघे वाकवून हूपच्या खाली जायचं आणि ढकलण्याचा वेग दुप्पट करायचा. दुसरा मला जास्त आवडतो: हूप ज्या दिशेनं फिरतोय त्याच दिशेनं तुम्हीही पावलं टाकत फिरायला लागा. तुमच्या शरीराच्या हिशेबानं हूप मंदावतो, पोटावरून पाठीकडे जायला त्याला जास्त वेळ लागतो आणि ढकलायचा क्षण पकडणं सोपं होतं. जमिनीच्या हिशेबानं मात्र त्याचा वेग तोच असतो, त्यामुळे तो टिकतो. नाचाची सुरुवातही इथूनच होते, कारण पावलं हलू लागली की हूप फिरवणारा माणूस एका जागी खिळलेला राहत नाही.

पहिल्या आठवड्यात कमरेवर आणि खुब्याच्या हाडावर निळसर डाग पडू शकतात. ७०० ग्रॅमचा हूप सेकंदाला दोन फेऱ्यांनी फिरला तर कमरेवर सुमारे चार किलो वजनाएवढा दाब फिरत राहतो. दीड किलोचा ‘व्यायामाचा’ हूप त्याच वेगानं फिरवला तर हा दाब साडेआठ किलोच्या वर जातो. जाहिराती पाहून पहिलाच हूप असा जड घेऊ नये, असं मी म्हणेन. पाठीचं दुखणं असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायाम म्हणून हूप किती उपयोगी? अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या मदतीनं विस्कॉन्सिन–ला क्रॉस विद्यापीठात केलेल्या एका छोट्या चाचणीत हूपच्या वर्गात नाडी सरासरी मिनिटाला १५१ पर्यंत गेली आणि मिनिटाला साधारण सात कॅलरी खर्च झाल्या. फिनलंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या लोकांनी सहा आठवडे रोज सरासरी १३ मिनिटं दीड किलोचा हूप फिरवला. त्यांच्या कमरेचा घेर सुमारे तीन सेंटीमीटरनी घटला. शरीराचं वजन मात्र चालण्याच्या व्यायामापेक्षा वेगळं कमी झालं नाही. ‘हूपनं महिन्यात दहा किलो’ असं कुणी सांगत असेल तर हे लक्षात ठेवा.

मोठ्या माणसांच्या हातात लहान हूप कसा आला, याचा धागा १९५८ पर्यंत जातो. ऑस्ट्रेलियात मुलं व्यायामाच्या तासाला बांबूच्या रिंगा फिरवत, हे कळल्यावर कॅलिफोर्नियातल्या व्हॅम-ओ कंपनीच्या रिचर्ड नर आणि आर्थर मेलिन यांनी प्लास्टिकचे हूप बाजारात आणले. काही महिन्यांतच ते कोट्यवधींच्या संख्येनं खपले. त्यासाठी लागणारं मारलेक्स हे प्लास्टिक फिलिप्स पेट्रोलियमचं. ते नवं होतं, त्याची प्रत एकसारखी येत नव्हती आणि गोदामात माल साचला होता. हूपच्या लाटेनं तो उचलला. खेळण्याचं माप मुलांचं ठरलं आणि तेच डोक्यात बसलं. १९९० च्या दशकात संगीत महोत्सवांत नाचणाऱ्यांनी नळांच्या पाइपांपासून मोठे हूप बनवायला सुरुवात केली, तेव्हा प्रौढांचा हूप नाच खऱ्या अर्थानं सुरू झाला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं हूप नृत्य ही याहून वेगळी, फार जुनी परंपरा आहे. त्यात नर्तक अनेक लहान हूप एकमेकांत गुंफून पक्षी, प्राणी यांचे आकार घडवतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या हर्ड संग्रहालयात त्याची जागतिक स्पर्धा भरते.

कंबर जमेपर्यंत हातांनी काही शिकायचं असेल तर ‘आयसोलेशन’ घ्या. हूप शरीरासमोर उभा धरून असा फिरवायचा की त्याचं केंद्र हवेत एका जागी राहतं आणि हात त्याच्या कडेनं गोल फिरतो. पाहणाऱ्याला हूप अधांतरी थांबलाय असं वाटतं. आरशावर हूपच्या केंद्राच्या जागी एक ठिपका चिकटवा आणि तो ठिपका मध्यातून हलणार नाही अशा बेतानं हात फिरवा. मुठीत हूप घट्ट आवळू नका, बोटांत तो सरकायला जागा ठेवा. यासाठी हूप लहान आणि हलकाच बरा, म्हणजे मुलांचा तो जुना हूप इथे कामाला येतो.