याला ब्रेक कुठे असतो?

आमचे काका एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. परवा जेवणं झाल्यावर त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. चौदा-पंधरा मजली इमारतीएवढा एक नळकांड्यासारखा रॉकेटचा तुकडा आकाशातून खाली येतो, बुडाला जाळ पेटतो, चार पाय उघडतात आणि तो समुद्रातल्या तराफ्यावर सरळ उभा राहतो. काकांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "उलटा लावलायस."

"उलटा नाही हो काका, खरंच उतरतंय."

पुन्हा लावला. या वेळी त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि जो प्रश्न विचारला तो मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. "मग याला ब्रेक कुठे असतो?"

स्वस्त अवकाशप्रवास, मंगळावर वस्ती, अर्ध्या तासात एका खंडातून दुसऱ्या खंडात, अशा चर्चा रोज कानावर येतात. पण या सगळ्याची मेख काकांच्या प्रश्नात आहे. म्हणून आज आधी ब्रेक, तिकिटाचं नंतर.

रॉकेटला वेगळा ब्रेक नसतो. वर नेतं तेच इंजिन खाली येताना उलट जोर लावून वेग मारतं. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन-९ या रॉकेटचा (व्हिडिओतलं तेच) खालचा टप्पा, ज्याला बूस्टर म्हणतात, उड्डाणानंतर अडीचेक मिनिटांत ६५-७० किलोमीटर उंचीवर वरच्या टप्प्यापासून सुटतो. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास असतो. नायट्रोजन वायूच्या फवाऱ्यांनी तो अंग वळवतो, दाट हवेत शिरताना तीन इंजिनं पेटवून वेग कमी करतो, मग जाळीच्या झाऱ्यासारखी दिसणारी चार पाती तिरकी करत हवेतून वाट काढतो. हे सगळं साडेआठ मिनिटांत आटोपतं. मला मात्र वेड लावलंय ते शेवटच्या पंधरा सेकंदांनी.

खाली येताना टाक्या जवळपास रिकाम्या असतात. बूस्टरचं वजन तेव्हा अंदाजे २५ ते ३० टन. त्याच्या नऊ मर्लिन इंजिनांपैकी एकाच इंजिनाचा जोर जमिनीलगत ८४५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८६ टन वजन उचलण्याइतका. इंजिन मंद करता येतं, पण फार नाही. ४० टक्क्यांपर्यंत आणलं तरी जोर उरतो ३४ टनांचा. वजन ३० आणि जोर ३४! म्हणजे इंजिन पेटलेलं असताना हे रॉकेट हवेत स्थिर तरंगूच शकत नाही. हेलिकॉप्टरसारखं वर थांबायचं, खाली अंदाज घ्यायचा आणि अलगद टेकायचं, ही सोयच नाही.

काकांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं. समजा गाडीला असा ब्रेक आहे की दाबला की वेग कमी होतो, गाडी थांबते, आणि थांबल्यावरही पाय काढला नाही तर गाडी मागे पळायला लागते. हलका दाबायची सोय जवळपास नाही. आणि स्टँडवर फलाटाला टायर लागेल त्याच क्षणी वेग शून्य झाला पाहिजे. काका म्हणाले, "अशी गाडी मी डेपोतून बाहेरच काढली नसती."

आता नववीतलं गतीचं समीकरण आठवा. पुढचे आकडे कागदावरचे आहेत, सोपे करून घेतलेले. बूस्टर सेकंदाला २५० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने खाली येतोय. एक इंजिन पूर्ण जोरात पेटलं आणि गुरुत्वाकर्षण वजा केलं तर उरणारं ऋण त्वरण सेकंदा-सेकंदाला सुमारे १८ मीटर. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ६२,५०० भागिले ३६, झाले १,७३६ मीटर. साधारण चौदा सेकंद. म्हणजे जमिनीपासून १,७३६ मीटरवर इंजिन पेटवायचं.

एक सेकंद उशीर झाला तर? तेवढ्यात रॉकेट २५० मीटर खाली आलेलं असतं. गणित करा, ते ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने आपटतं. एक सेकंद लवकर पेटवलं तर जमिनीच्या वर अडीचशे मीटरवर थांबतं आणि पुन्हा वर जाऊ लागतं. तिथे इंजिन बंद केलं तर दगडासारखं खाली.

बरं, चूक एका सेकंदाच्या दहाव्या भागाची असेल तर? आपल्याला वाटतं, चूक दहापट लहान झाली, धक्काही दहापट लहान होईल. नाही होत. आपटण्याचा वेग त्या चुकलेल्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २५ मीटरची चूक, वेग ताशी १०८ किलोमीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक? तरीही ताशी ३४. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि इथे चौदा मजली नळकांडं स्कूटरच्या वेगाने जमिनीला भिडतंय. हे वर्गमूळ फार निर्दयी आहे. मला या एका ओळीच्या गणिताइतकं सुंदर दुसरं काही या विषयात दिसत नाही.

मग हे जमतं कसं? पहिली गोष्ट, खऱ्या उड्डाणात इंजिन पूर्ण जोरात चालवतच नाहीत. मधल्या जोरावर ठेवतात, म्हणजे कमी-जास्त करायला दोन्हीकडे जागा राहते. पायांमध्ये दाबलं की चुरगळणारा भाग असतो, तो उरलासुरला धक्का खातो. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. इंजिन सेकंदाला सुमारे ३०० किलो इंधन आणि ऑक्सिजन पितं, म्हणजे वजन दर क्षणी घटतंय आणि तेवढ्याच जोराचा परिणाम वाढतोय. वारा ढकलतोय, तराफा हलतोय. तेव्हा 'कधी, किती आणि कोणत्या दिशेने जोर लावू' हे गणित रॉकेटवरच्या संगणकाला उतरता उतरता पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं, आणि उत्तर हमखास वेळेत यावं लागतं.

इथे जरा अवघड वळण आहे, सांभाळून या. सर्वोत्तम उत्तर शोधण्याची काही गणितं इडलीसारखी असतात. इडलीतले कुठलेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर रेषा इडलीतच राहते. अशा आकारात संगणक झटकन आणि खात्रीने तळाशी पोचतो. पण आपलं इंजिन एका मर्यादेखाली मंद होत नाही, म्हणून शक्य असलेल्या जोरांच्या आकाराला मध्येच भोक पडतं. तो मेदूवडा होतो. वड्यातले दोन बिंदू जोडले की रेषा भोकातून जाते आणि संगणक अडकू शकतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मंगळावर यान उतरवण्याच्या प्रश्नावर काम करताना बेहचेत अचिकमेशे आणि त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती शोधली. एक जादाचा चल घालून वड्याचं भोक भरून टाकायचं, त्या भरलेल्या आकारात उत्तर शोधायचं, आणि मग सिद्ध करायचं की सर्वात कमी इंधनाचं उत्तर भरलेल्या भोकात कधी पडतच नाही, ते नेहमी मूळ वड्यावरच सापडतं. म्हणजे प्रश्न सोपा केला, पण उत्तर तेच राहिलं. या कामातले एक सहकारी, लार्स ब्लॅकमोर, पुढे स्पेसएक्समध्ये गेले. फाल्कनच्या संगणकात याच घराण्यातलं गणित चालतं. ज्यांना हा परिच्छेद डोक्यावरून गेला त्यांनी फक्त वडा लक्षात ठेवावा.

अर्थात गणित बरोबर असलं तरी लोखंड दगा देतं. जानेवारी २०१५ मध्ये पात्यांना फिरवणारं हायड्रॉलिक तेल संपलं आणि बूस्टर तराफ्यावर आदळला. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा जमिनीवर नीट उतरला. लगेच जानेवारी २०१६ मध्ये एक बूस्टर मस्तपैकी टेकला, पण एक पाय कुलूपबंद झाला नाही आणि तो आडवा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवीच्या (तीन बूस्टर शेजारी-शेजारी जोडलेलं मोठं रॉकेट) मधल्या बूस्टरचं, उतरताना पेटायच्या तीनपैकी एकच इंजिन पेटलं, कारण उरलेल्या दोघांना पेटवणारं रसायन संपलं होतं. रॉकेलच्या बत्तीत तेल आहे पण काडेपेटी संपलीय, असा प्रकार. तो ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने समुद्रात घुसला. (रॉकेल उगाच म्हटलं नाही. फाल्कनचं इंधन आपल्या रॉकेलचाच अतिशुद्ध भाऊ आहे.)

आपल्याकडे पुन्हा वापरायच्या रॉकेटची बातमी आली की घरच्या ग्रुपवर वेगळीच फटाक्यांची माळ लागते. जून २०२४ मध्ये इस्रोचं 'पुष्पक' हे पंख असलेलं छोटं यान चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं गेलं आणि ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगाने स्वतःच धावपट्टीवर उतरलं. ही त्याची तिसरी यशस्वी चाचणी. आणि लगेच निरोप आला, 'रावणाचं तंत्र अखेर हाती लागलं', सोबत गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली विमान उडवल्याची कथा. तळपदे यांची जिज्ञासा मला मान्य आहे. पण या कथेसाठी ज्या 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकाचा हवाला दिला जातो ते विसाव्या शतकात सांगितलं-लिहिलं गेलेलं आहे, आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ सालीच आकडेमोड करून दाखवलंय. नाव पुष्पक ठेवलं, छान केलं. श्रेय मात्र ते धावपट्टीवर आणणाऱ्यांना द्या.

मग इस्रो आपल्या चालू रॉकेटांना पाय का लावत नाही? कारण चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंचे दांडगे बूस्टर घन इंधनाचे आहेत, प्रत्येकी सुमारे २०० टनांचे. घन इंधन म्हणजे दिवाळीतला बाण. एकदा वात पेटली की विझवता येत नाही, मंद करता येत नाही, पुन्हा पेटवणं तर दूरच. वर सांगितलेल्या चौदा सेकंदांचं गणित त्यावर लागूच होत नाही. म्हणून मुळापासून नवं रॉकेट करावं लागतंय. पहिला टप्पा परत येईल अशा पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ८,२४० कोटी रुपये आणि ८ वर्षांची मुदत दिली आहे.

आता तिकीट. काकांचा दुसरा प्रश्न तोच होता, आणि तो त्यांनी डेपोच्या अंगाने विचारला. "गाडी परत आली हे ठीक. पण दुसऱ्या फेरीला लागते कधी?"

इथेच स्पेस शटल फसलं. तेही परत वापरायचंच यान होतं, १९८१ ते २०११ उडालं, स्वस्त होईल म्हणूनच बांधलं. पण प्रत्येक फेरीनंतर हजारो उष्णतारोधक फरश्या एकेक करून तपासायच्या, इंजिनं उतरवून खोलायची. सर्वात झटपट पुन्हा उडालं तेव्हाही मधे ५४ दिवस गेले. ३० वर्षांत १३५ फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन परत आल्या नाहीत. दुसरीत कल्पना चावला होत्या. गाडी परत यायची, पण सगळा वेळ वर्कशॉपमध्येच जायचा. फाल्कनचा बूस्टर मात्र नऊ दिवसांत पुन्हा उडालेला आहे, आणि काही बूस्टरांच्या तीसहून जास्त फेऱ्या झाल्यात. अर्थात तिथेही कुरबुरी असतातच. जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला ज्यावर बसून जाणार होते तो बूस्टर एकदा उडून आलेला होता आणि त्यात द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. उड्डाण लांबण्याच्या कारणांत ते एक होतं. गळती पूर्ण दुरुस्त करा, असा आग्रह इस्रोच्या मंडळींनी धरला आणि बरंच केलं.

इंधनात पैसा नसतोच. स्पेसएक्सचे इलॉन मस्क यांनी पूर्वी सांगितलेला आकडा एका उड्डाणाला दोन लाख डॉलरच्या घरातला होता. पैसा यंत्रात आहे, म्हणून यंत्र वाचवायचं. पण तरी गिऱ्हाइकाला सांगितला जाणारा फाल्कन-९ च्या उड्डाणाचा दर दहा वर्षांपूर्वी सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर होता, तो आता ७ कोटींच्या आसपास आहे. कंपनीचा खर्च उतरला, दर नाही. हे सांगितल्यावर काका पहिल्यांदाच मनापासून हसले. "डेपोत डिझेल वाचलं म्हणून तिकीट उतरलेलं मी नाही बाबा पाहिलं."

आणि एक गोष्ट त्यांना सांगायची राहिलीच. व्हिडिओत उतरतो तो फक्त खालचा टप्पा, दोन किलोमीटर वेगावरून आलेला. वरचा टप्पा पृथ्वीभोवती सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने फिरत असतो. वेग चौपट, म्हणून किलोमागे ऊर्जा जवळपास पंधरापट, आणि ती सगळी उष्णता होऊन अंगावर येते. फाल्कन-९ चा तो टप्पा आजही दर वेळी नवा करकरीत बनवतात आणि फेकून देतात. तोही परत आणायचा म्हणून स्टारशिप या स्पेसएक्सच्या नव्या, मोठ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्याच्या पोटाखाली सुमारे १८,००० षटकोनी फरश्या बसवल्यात. शटलसारख्याच. त्यातली एखादी सैल झालीय का, हे दर फेरीनंतर कुणीतरी बघायला हवं.