शिडी, भिंत आणि राहून गेलेला बाण

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे गणित हमखास येतं: गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, खाली खरखरीत जमीन, शिडीवर कोणती बलं काम करतात ते सांगा. तोंडी विचारलं तर उत्तर भराभर येतं. शिडीचं वजन खाली, जमिनीची प्रतिक्रिया वर, भिंतीची प्रतिक्रिया आडवी. ऐकताना यादी पूर्ण वाटते. तीच शिडी कागदावर काढून बाण दाखवले, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एफबीडी’ (फ्री बॉडी डायग्राम) काढली, की गोची दिसते. भिंत शिडीला आडवं ढकलते आहे आणि समोरून अडवणारा एकही बाण नाही. मग शिडी जागेवर कशी? पायथ्याचं घर्षण राहून गेलेलं असतं.

हे असं का होतं, याचं विश्लेषण हर्बर्ट सायमन (१९७८चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) आणि जिल लार्किन यांनी १९८७ मध्ये केलं. मजकुरात माहिती वाक्यांच्या क्रमाने येते, त्यामुळे एकाच वस्तूबद्दलच्या दोन गोष्टी दोन परिच्छेदांत जाऊन बसतात आणि त्या शोधून जुळवण्यातच मेंदू दमतो. आकृतीत एका जागेची माहिती एकाच जागी असते. शोधाशोध वाचते आणि काही निष्कर्ष तर नुसत्या नजरेने निघतात. मात्र आकृती हजारो शब्दांच्या तोडीची ठरते ती ‘कधीकधी’, असं त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं.

तो ‘कधीकधी’ महत्त्वाचा आहे. सूर्याभोवतीची पृथ्वीची कक्षा पुस्तकांत बहुतेक वेळा लांबट अंड्यासारखी काढतात. ते चित्र मनात इतकं घट्ट बसतं की पदवीची मुलंही ‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा’ असं सांगून मोकळी होतात. खरी कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, पुण्यात स्वेटर बाहेर निघालेले असतात तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे.

आपल्याकडे आकृती आणि मार्क यांचं नातं फार जुनं आहे. ‘सुबक नामनिर्देशित आकृती काढा’ असं प्रश्नातच लिहिलेलं असतं. इंजिनिअरिंगला ड्रॉइंगच्या शीट्स ‘जीटी’ मारून पुऱ्या होतात: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी. रेघ हुबेहूब उतरते, पण काय दाखवायचं, काय गाळायचं, बाण कुठून सुरू करायचा हा एकही निर्णय घ्यावा लागत नाही. शिकणं घडतं ते त्या निर्णयांत.

सुबकपणाचा आग्रह तर मला घातकच वाटतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला दिले आणि काहींचं चित्र काढायला सांगितलं. चित्र काढलेले शब्द स्पष्टपणे जास्त लक्षात राहिले. एका चित्राला जेमतेम चार सेकंद दिले तरी तेच, आणि चित्रकला यथातथा असली तरी तेच. ही शब्दांच्या यादीची परीक्षा होती, संकल्पना समजण्याची नव्हे, हे खरं. पण ‘माझी ड्रॉइंग चांगली नाही’ ही सबब त्यातून निकालात निघते.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत शिकणाऱ्यांसाठी एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. इमॅन्युएल मनालो आणि युरी उएसाका यांनी जपानी विद्यार्थ्यांना वाचलेला उतारा समजावून लिहायला सांगितला, कुणाला जपानीत, कुणाला इंग्रजीत. भाषा अडली की माणूस चित्राकडे वळेल, असं आपण धरून चालतो. पण डोळ्यांपुढे सहज उभा राहणारा उतारा इंग्रजीत समजावताना ज्यांची इंग्रजी चांगली, त्यांनीच आकृत्या जास्त काढल्या. वाक्य जुळवण्यातच सगळी शक्ती गेली, तर आकृती सुचायला डोक्यात जागा उरत नाही, असा याचा अर्थ लागतो. म्हणजे ज्याला आकृतीची गरज अधिक, त्याच्याच हातून ती सुटते. अशा मुलाला पेपरात आधी आकृती आणि मग वाक्यं, अशी सवय लावून द्यायला हवी.

सवय लागते कशी? याच संशोधकांनी शाळकरी मुलांना गणितं एकमेकांना समजावायला लावली, तेव्हा मुलं पुढे न सांगताही आकृत्या काढू लागली. समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘कळलं नाही’ दिसलं की पेन आपोआप कागदाकडे जातं. त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री शीट मागणाऱ्या मित्राला शीट देण्याआधी पाठकोऱ्या कागदावर शिडीचे बाण काढायला लावावेत, आणि घर्षणाचा बाण त्याला स्वतःला सापडेपर्यंत गप्प बसावं.