नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील धर्मादाय कर्करोग रुग्णालय. अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी ही संस्था ते चालवते. या कामाची उभारणी डॉ. बी. एम. नेने यांनी केली. गर्भाशयमुखाचा कर्करोग (बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’) खेड्यातल्या स्त्रियांमध्ये वेळेवर कसा ओळखावा, या प्रश्नाचे आज जगभर मान्य असलेले उत्तर बऱ्याच अंशी बार्शी परिसरातील गावांमधून आले आहे.

या रोगाचे मूळ बहुतेक सर्व रुग्णांत ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात असते. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे शरीर तो आपोआप परतवून लावते. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्याही पेशींचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. एवढा अवधी देणारे कर्करोग थोडे. मधल्या काळात दोष सापडला, तर तो भाग गोठवून (क्रायोथेरपी) किंवा तारेच्या विद्युत वेटोळ्याने काढून टाकता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाऊ शकते. मात्र या टप्प्यावर काहीच दुखत नाही. पुढे पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे दिसू लागतात. ती घरात सांगायची लाज आणि दवाखान्याला लागणारा खर्च, यांत महिने निघून जातात.

१९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. येथे ते शक्य नव्हते, कारण अनेक रुग्ण कोणत्याही रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, धोक्याची लक्षणे समजावून सांगितली आणि संशय आला त्या व्यक्तीला बार्शीला तपासणीसाठी यायला राजी केले. नोंदी ठेवण्यासाठी केलेल्या या फिरतीचा आणखी एक परिणाम पुढे आकड्यांत दिसला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यात येऊ लागले आणि त्यांचे जगण्याचे प्रमाणही सुधारले. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. कोणीतरी दारात येऊन नीट बोलले, एवढाच फरक होता. बार्शीच्या कामातील हा भाग सर्वांत कमी चर्चिला जातो, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे.

या विश्वासाच्या बळावर १९९९ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात तपासणीच्या पद्धतींची तुलना करणारी एक मोठी संशोधन-चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिच्यात सहभागी होत्या. आर्थिक साहाय्य बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे होते. गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी (व्हीआयए) देण्यात आली. चौथा तुलनेसाठी होता. नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित परिचारिकांनी केले, एचपीव्ही चाचण्यांची प्रयोगशाळा बार्शीतच होती. बोलावलेल्या दर पाचपैकी जवळपास चार स्त्रिया तपासणीला आल्या. ज्या विषयावर सासू-सुनाही एकमेकींशी बोलत नाहीत, त्यासाठी हे प्रमाण फार मोठे आहे.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे होते, आणि पहिल्या गटातील तपासणी आयुष्यात एकदाच झालेली होती. पॅप आणि व्हीआयए गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. यावरून व्हीआयए निरुपयोगी ठरत नाही: मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी तीच तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावणे जेथे अवघड आहे, तेथे एचपीव्ही चाचणीच सरस. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी तिचीच शिफारस केली.

उस्मानाबादच्या या संशोधनावर गंभीर आक्षेपही घेतला गेला. तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का? त्या भागात संघटित तपासणी अस्तित्वातच नव्हती, म्हणून या स्त्रियांना नेहमीची उपलब्ध सेवा मिळाली, असे संशोधकांचे म्हणणे होते. ते खरे असले तरी प्रश्न रास्त आहे आणि त्या ६४ मृत्यूंसह तो नोंदवला गेला पाहिजे.

लसीच्या संशोधनातही बार्शी हे एक केंद्र होते. २००९ मध्ये देशातील अनेक केंद्रांवर एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली. एप्रिल २०१० मध्ये, दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पातील मृत्यूंवरून वाद उसळल्यानंतर, सरकारने लस देणे थांबवले. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे पुढे सिद्ध झाले नाही, पण त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतरही एका मात्रेचे संरक्षण जवळपास दोन-तीन मात्रांइतकेच टिकल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या मुलींची माहितीही आहे.