मोनाट्सश्रिफ्ट : ब्रेस्लाऊचे ज्यू संशोधन-मासिक

जर्मनीतील ज्यू धर्माच्या मध्यममार्गी, ‘पॉझिटिव्ह-ऐतिहासिक’ म्हणवल्या जाणाऱ्या पंथाचे संशोधनपर मासिक. पूर्ण नाव ‘मोनाट्सश्रिफ्ट फ्यूर गेशिष्टे उंड विसेनशाफ्ट डेस युडेनटुम्स’, म्हणजे ज्यू धर्माचा इतिहास व शास्त्रीय अभ्यास यांना वाहिलेले मासिक. ड्रेस्डेनचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झकारियास फ्रँकेल (१८०१–७५) यांनी १८५१ मध्ये ते सुरू केले. मधली पाच वर्षे वगळता ते १९३९ पर्यंत चालले आणि त्याचे एकूण ८३ खंड निघाले. ज्यू इतिहासावरच्या जर्मन, इंग्रजी वा हिब्रू ग्रंथांच्या तळटीपांत आजही या मासिकाची आद्याक्षरे जागोजागी भेटतात.

मासिकाचे मूळ एका सभात्यागात आहे. जर्मनीतील सुधारणावादी रब्बींची दुसरी परिषद १८४५ मध्ये फ्रांकफुर्टला भरली. सभागृहापुढे प्रश्न होता प्रार्थनेच्या भाषेचा : उपासना हिब्रूतच व्हायला हवी का? धर्मशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सोपे होते. शेमा (एकेश्वरनिष्ठेची कबुली) आणि नित्याची प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हटलेली चालते, असे मिश्ना, म्हणजे मौखिक नियमांची प्राचीन संहिताच, ‘सोटा’ या प्रकरणात सांगते. हे फ्रँकेलनाही मान्य होते. पण शास्त्राची हरकत नसली तरी अन्य कारणांनी हिब्रू आवश्यक ठरते का, यावर मतदान झाले आणि थोड्या मतांनी ‘नाही’ असा कौल आला. फ्रँकेल परिषद सोडून गेले. त्यांचे म्हणणे असे की, शतकानुशतके लोकांच्या जिभेवर रुळलेली गोष्ट केवळ शास्त्रात तिची सक्ती नाही म्हणून मोडीत काढता येत नाही. तो वारसा साऱ्या समाजाचा आहे आणि त्याचा निकाल हात वर करून लावायचा नसतो.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. आशावादाशी त्याचा काही संबंध नाही. कायदेपंडित ज्या अर्थाने ‘प्रस्थापित कायदा’ म्हणतात, त्या अर्थाने तो इथे आला आहे : तर्काने नव्याने रचलेला नव्हे, तर परंपरेने हाती आलेला, प्रत्यक्ष आचरणात असलेला धर्म. त्याला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण जोडले की दुसरी बाजू पुढे येते, ती म्हणजे हा धर्म काळाच्या ओघात घडत आला आहे आणि तो कसा घडला हे अभ्यासता येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानायच्या, हा या पंथाचा पेच. मासिकाच्या पुढच्या इतिहासावर त्याची छाया सतत दिसते.

फ्रँकेलनी याआधी, १८४४ ते १८४६ या काळात, ज्यू धर्माच्या हितसंबंधांना वाहिलेले एक नियतकालिक चालवले होते. ज्यू इतिहासाची रचना कशी समजून घ्यावी, यावरचा तरुण हाइनरिख ग्रेट्झ यांचा प्रसिद्ध लेख त्यातच १८४६ साली आला. त्या नियतकालिकाच्या नावात धर्माचे हित होते. १८५१ मध्ये नवे मासिक निघाले तेव्हा नावात इतिहास आणि शास्त्र आले. हा बदल मला सूचक वाटतो. वाद मिटले नव्हते. पण फ्रँकेलनी त्यांची जागा बदलली. सभेत जे हरले होते, ते ग्रंथालयात बसून मांडायचे ठरवले.

अशा मासिकाची गरज का होती, हे समजण्यासाठी त्या वेळची जर्मन विद्यापीठे पाहावी लागतात. ज्यू विद्येचे अध्यासन एकाही विद्यापीठात नव्हते. प्राध्यापकपद हवे तर बाप्तिस्मा घ्या, असाच बहुधा रिवाज होता. लिओपोल्ड झुन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१९ मध्ये बर्लिनला मंडळ स्थापून या अभ्यासाचा पाया घातला खरा. पण त्यांचे नियतकालिक एका खंडातच आटोपले. ज्या विद्येला विद्यापीठात दार बंद, तिला वर्ग, परीक्षक आणि वादसभा हे सारे मासिकाच्या पानांवरच मिळवावे लागले.

सुरू झाल्यावर तीन वर्षांनी मासिकाला घर मिळाले. ब्रेस्लाऊचे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) धनाढ्य ज्यू व्यापारी योनास फ्रेंकेल यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या निधीतून १० ऑगस्ट १८५४ रोजी तिथे ज्यू धर्मशास्त्राचे विद्यालय उघडले. प्रमुख म्हणून झकारियास फ्रँकेल ड्रेस्डेनहून आले. योनास आणि झकारियास यांच्या आडनावांतल्या साधर्म्याने अनेकांचा घोटाळा होतो. खरा मुखभंग झाला तो अब्राहम गायगर यांचा. सुधारणावाद्यांचे हे अग्रणी ब्रेस्लाऊतच रब्बी होते, विद्यालयाची कल्पना त्यांनीच लावून धरली होती, आणि पद मात्र दुसऱ्याच्या हाती गेले. पुढे १८६२ मध्ये त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले आणि दोन्हींमध्ये शास्त्रीय कुरबुरी चालू राहिल्या.

विद्यालय आणि मासिक यांचा संसार एकच होता. अध्यापक तेच लेखक, आणि विद्यार्थी पुढे रब्बी होऊन गावोगावी गेले की तेही लेखक. अभिजात भाषांचे पंडित याकोब बेर्नायस आणि मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञानाचे अभ्यासक मानुएल योएल हे त्यांपैकी ठळक. फ्रँकेल स्वतः मिश्ना, येरुशलमी तालमूद (तालमूद म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) आणि बायबलचे प्राचीन ग्रीक भाषांतर यांवर लिहीत. बायबलच्या मूळ संहितेला मात्र ते जपून हात लावत. तालमूदची चिकित्सा करायची, पण तोऱ्याच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या, पाच ग्रंथांची फोड करायची नाही, ही ब्रेस्लाऊची अलिखित मर्यादा होती.

ती मर्यादाही कर्मठांना पुरेशी वाटली नाही. फ्रांकफुर्टचे सामसोन राफाएल हिर्श हे नव-कर्मठ पक्षाचे नेते. विद्यालय उघडत असतानाच त्यांनी जाहीर प्रश्न टाकले होते : इथे श्रुती, म्हणजे ईश्वराने प्रकट केलेले ज्ञान, याविषयी काय शिकवणार? मौखिक परंपरा ईश्वरदत्त मानणार की माणसांनी घडवलेली? फ्रँकेलनी उत्तर दिले नाही. मग १८५९ मध्ये त्यांचा मिश्नाच्या पद्धतीवरचा ‘दारखे हा-मिश्ना’ हा हिब्रू ग्रंथ आला आणि ठिणगी पडली.

वादाचा मुद्दा एका वाक्प्रचारापुरता होता, म्हणून जवळून पाहण्यासारखा आहे. तालमूदमध्ये काही नियमांना ‘हलाखा ले-मोशे मि-सिनाई’ म्हटले जाते, म्हणजे सिनाई पर्वतावर मोशेला मिळालेला नियम. या नियमांना लिखित आधार नसतो. ते तोंडी चालत आले, इतकेच. फ्रँकेलनी मध्ययुगीन पंडित आशेर बेन येहिएल यांचा हवाला दिला. शुद्धीसाठीच्या स्नानकुंडांच्या नियमांविषयी लिहिताना आशेर यांनी म्हटले होते की, हा शब्दप्रयोग काही ठिकाणी अक्षरशः घ्यायचा नाही. सिनाईवर सांगितल्याइतका हा नियम स्पष्ट आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आधार जुना होता आणि कर्मठांनाही पूज्य असलेल्या माणसाचा होता. पण आशेर यांनी अपवाद म्हणून सांगितलेले फ्रँकेलच्या हाती नियम होऊ पाहते आहे, हे हिर्शना बरोबर दिसले. त्यांच्या ‘येशुरुन’ या मासिकात फ्रँकेलवर लेखमाला सुरू झाली. प्रागचे वृद्ध रब्बी श्लोमो येहुदा रापोपोर्ट फ्रँकेलच्या बाजूने उभे राहिले.

फ्रँकेलनी शेवटी १८६१ मध्ये मोनाट्सश्रिफ्टमध्ये एक निवेदन छापले. ते त्रोटक होते. परंपरेचे प्राचीनत्व वा मोल नाकारण्याचा आपला हेतू नाही, असा त्याचा आशय. पण हिर्शना हवे असलेले सरळ कबुलीचे वाक्य त्यात नव्हते. विरोधकांनी याला पळवाट म्हटले. माझ्या मते तो पळ नव्हता. श्रद्धेची कलमे लिहून दिली असती, तर दुसऱ्याच दिवशी संशोधनाला कुंपण पडले असते, आणि उलट बाजूने लिहिले असते, तर विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या रब्बींना कोणत्या मंडळीने नेमले असते? तरीही प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराचा हक्क होता, हेही खरे. या पंथाने आपल्या श्रद्धांचे निवेदन कधी लिहिलेच नाही. ते शोधायचे तर मासिकाचे खंड चाळावे लागतात.

१८६९ पासून संपादन ग्रेट्झ (१८१७–९१) यांच्याकडे आले. हा माणूस फ्रँकेलच्या अगदी उलट, जिभेचा तिखट. तरुणपणी तो ओल्डेनबुर्गला हिर्श यांच्याच घरी राहून शिकला होता आणि १८४६ चा आपला पहिला ग्रंथ त्याने हिर्शनाच अर्पण केला होता. पुढे ग्रेट्झचा ज्यूंचा इतिहास निघू लागला, तेव्हा त्यावर तुटून पडणाऱ्यांत हिर्श अग्रभागी होते. अकरा खंडांचा हा इतिहास १८५३ ते १८७६ या काळात पुरा झाला, आणि त्याचे कच्चे दगड, म्हणजे तारखांचे निर्णय, ओळखींचे तर्क, संहितेतल्या दुरुस्त्या, मासिकात विखुरलेले सापडतात. बायबलच्या पाठात सुधारणा सुचवताना ग्रेट्झचा हात सैल होता. त्यांतल्या पुष्कळ सूचना टिकल्या नाहीत. १८७९ मध्ये इतिहासकार ट्राइट्श्के यांनी ज्यूंविरुद्ध लिहिताना ग्रेट्झच्या इतिहासालाच लक्ष्य केले. शेवटची काही वर्षे पिंकुस फ्रिट्झ फ्रँकल हे सहसंपादक होते. १८८७ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी मासिक थांबले.

पाच वर्षांनी, १८९२ च्या अखेरीस, ते पुन्हा सुरू झाले ते मार्कुस ब्रान आणि बुडापेस्टचे दाविद काउफमान यांच्या हातून. काउफमान हे हस्तलिखितांचे संग्राहक. हामेल्नच्या ग्लिकल या व्यापारी विधवेच्या यिद्दिश (युरोपीय ज्यूंची बोलभाषा) आठवणी १८९६ मध्ये त्यांनीच प्रथम छापल्या. १८९९ मध्ये ते गेल्यावर ब्राननी १९२० मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत एकट्याने गाडा ओढला. त्यांचा ओढा गावांच्या आणि घराण्यांच्या इतिहासाकडे होता. दफनभूमीतील शिलालेख, करांच्या याद्या, सनदा यांनी पाने भरू लागली. वाचायला हा भाग रुक्ष आहे. पण यांतल्या कित्येक वस्त्या पुढच्या पिढीत नाहीशा झाल्या, आणि काही ठिकाणी या याद्याच तेवढ्या उरल्या.

दरम्यान मासिकाचे पंथाशी असलेले नाते सैल होत गेले. ग्लोगाऊचे रब्बी लिओपोल्ड लुकास यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये ज्यू विद्येच्या उत्तेजनासाठी संस्था स्थापन झाली आणि लवकरच मोनाट्सश्रिफ्ट तिचे मुखपत्र बनले. संस्थेत उदारमतवादी होते, तसे परंपरावादीही होते. पंथाचा वारसा मात्र अटलांटिकपलीकडे गेला. न्यूयॉर्कचे ज्यू धर्मशास्त्र विद्यालय १८८६–८७ मध्ये ब्रेस्लाऊचे नाव आणि नमुना डोळ्यांपुढे ठेवून उभे राहिले. ब्रेस्लाऊत शिकलेले अलेक्झांडर कोहुट तिथल्या पहिल्या अध्यापकांपैकी होते. अमेरिकेतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पंथ फ्रँकेलना आपला पूर्वसूरी मानतो तो या धाग्यामुळे.

१९२० पासूनचे संपादक इझाक हाइनेमान हे प्राचीन ज्यू तत्त्वज्ञ फिलोचे अभ्यासक. नाझी सत्तेवर आल्यानंतरही अंक निघत राहिले. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात ब्रेस्लाऊचे मोठे सभास्थान (सिनेगॉग) जाळले गेले आणि विद्यालय बंद पडले. ज्यू वृत्तपत्रांवरही बंदी आली. हाइनेमान १९३९ मध्ये पॅलेस्टाईनला गेले. ८३ वा खंड बर्लिनचे रब्बी लिओ बेक यांनी सिद्ध केला. तो छापला गेला, पण वाचकांपर्यंत जाण्याआधीच नाझींनी त्याच्या प्रती नष्ट केल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वाचल्या. लुकास १९४३ मध्ये तेरेझिनच्या छळछावणीत मरण पावले. त्याच वर्षी जानेवारीत बेकनाही तिथेच नेण्यात आले. ते वाचले आणि युद्धानंतर लंडनला स्थायिक झाले.

वाचलेल्या प्रतीवरून ८३ वा खंड १९६३ मध्ये ट्यूबिंगेनच्या मोर प्रकाशनाने पुन्हा छापला. मासिकाच्या खंडांची पाने आता फ्रांकफुर्टच्या विद्यापीठ ग्रंथालयाने संगणकावर वाचायला खुली केली आहेत.