पेव आतून रिकामं होतं तेव्हा

माशांच्या टाकीतलं पाच मिलीलिटर पाणी नळीत घेतलं, तपासणीच्या द्रावणाचे तीन थेंब टाकले, हलवलं. एरवी निळं होणारं पाणी पिवळंधमक झालं. म्हणजे सामू ६ किंवा त्याच्याही खाली. माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी बघतो तोच हा सामू, म्हणजे पीएच. टाकीतले पिवळे सिक्लिड पंख अंगाला चिकटवून तळाशी बसले होते. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. तिथल्या पाण्याचा सामू ८ किंवा थोडा वरच असतो. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक, तेव्हा ८ वरून ६ वर येणं म्हणजे आम्लता शंभरपट. (आपल्या बाजारात मिळते ती चिलापीही याच कुळातली, पण तिचे एवढे नखरे नाहीत.)

चूक माझीच होती. सांगलीत आमच्या बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरी रेघ उमटते. ती दिसू नये म्हणून तीन महिने मी घरच्या आरओचं पाणी वापरत होतो. टाकी शंभर लिटरची, काच लख्ख, मासे खूश. सामूही रोज जागेवरच. मग एका रात्रीत असं काय झालं?

एका रात्रीत काहीच झालेलं नव्हतं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटकन कळेल. वरून जमीन सपाट दिसते; खाली किती माल उरलाय ते पेव उघडल्याशिवाय समजत नाही. पाण्यातलं पेव म्हणजे विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि या कामात आम्ल सुटतं. ते आम्ल हा साठा गिळून टाकतो, म्हणून सामू हलत नाही. पण अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनमागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, सुमारे ७ ग्रॅम साठा खर्ची पडतो. बोअरचं पाणी दर आठवड्याला पेवात नवी पोती टाकत होतं. आरओचं पाणी रिकामी पोती आणत होतं.

त्या सकाळी घाबरून मी निम्मं पाणी काढलं आणि बोअरचं भरलं. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं मारायला लागले, संध्याकाळी दोन गेले. सामू इतका घसरला की ते जिवाणू जवळपास संपावर जातात आणि अमोनिया साचत राहतो. मात्र आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते रूप फारसं विषारी नाही. २५ अंशांच्या पाण्यात सामू ६ असताना खरा विषारी अमोनिया हजारात अर्धा भागसुद्धा भरतो न भरतो. सामू ८ झाला की शंभरात पाच. ‘ताजं’ पाणी घालून निजलेलं विष मीच उठवलं. करायचं होतं ते एवढंच: आधी अमोनिया तपासायचा, खाणं बंद ठेवायचं आणि रोज थोडं थोडं पाणी बदलत सामू हळूहळू वर आणायचा.

दुकानात सामू उतरवायच्या बाटल्या मिळतात, त्यांच्या नादी मी तरी लागणार नाही. ते आम्ल असतं. सामू पडतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत उडाला की परत चढतो, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि दर वेळी पेव थोडं उपसलं जातं. बोअरचं पाणी तर काढल्याकाढल्या मोजूच नये. जमिनीतून येताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं आणि खोटा, कमी सामू दाखवतं. बादलीत हवेची नळी सोडून रात्रभर ठेवा, सकाळी आकडा वर गेलेला दिसेल. नळाचं पाणी वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात डोळा ठेवावा: कृष्णा गढूळ झाली की तुरटी जास्त लागते, आणि तुरटीही हाच साठा खाते.

आता मी सामूपेक्षा केएच मोजतो. केएच म्हणजे हा साठाच. नळीतलं पाणी निळ्याचं पिवळं व्हायला केएचच्या द्रावणाचे जितके थेंब लागतील तितके अंश, एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच हिशेबात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. माझ्या माशांसाठी सहा ते आठ अंश ठेवतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा आहे. पाणी आम्लाकडे झुकलं की तो विरघळतो, सामू आठकडे गेला की जवळपास थांबतो. तो मंद असल्यामुळे कमी पडला तर खायचा सोडा. शंभर लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चमचा, एक अंश वाढवतो. मगभर पाण्यात विरघळवून घालायचा. धुण्याचा सोडा नव्हे, तो फार जहाल. आणि डिस्कससारखे अ‍ॅमेझॉनकडचे मासे पाळणाऱ्यांनी यातलं काही करू नये, त्यांना मऊ पाणीच हवं.

कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी मी रविवारचे थेंब लिहितो. गेल्या रविवारी सात, आज सहा. अर्धा चमचा सोडा काढून ठेवलाय.