चौकोनी छेदाची रबरी कडी: जुन्या स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक कॅलिपर पुन्हा जोडताना

१९५३ सालच्या ल मां शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप पहिली आली, तेव्हा तिच्या चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. कल्पना तशी जुनीच होती; फ्रेडरिक लँचेस्टर यांनी ब्रिटनमध्ये १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पुढे ट्रायम्फ टीआर३ च्या पुढच्या चाकांना आणि १९६१ मध्ये जॅग्वार ई-टाइपच्या चारही चाकांना हे ब्रेक आले. अशा गाड्या जपणाऱ्यांना त्यांचे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग, कधी ना कधी उघडून पुन्हा जोडावेच लागतात. या कामात नजर साहजिकच जाते ती ओतीव लोखंडाच्या जड सांगाड्याकडे, पण खरी काळजी घ्यावी लागते ती आतल्या चौकोनी छेदाच्या रबरी कडीची.

कॅलिपरवर पडणारा भार आधी लक्षात घ्यावा. १,२०० किलो वजनाच्या गाडीची ताशी १०० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ४६० किलोज्यूल असते आणि गाडी थांबवताना तिचा बहुतेक भाग डिस्क व पॅड यांच्यात उष्णता होऊन बाहेर पडतो. ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनमागे ५० बार दाब असेल, तर पॅस्कलच्या नियमानुसार त्या पिस्टनवर ११,००० न्यूटनांहून अधिक, म्हणजे एक टनापेक्षा जास्त वजनाएवढे बल येते. एवढ्या दाबाखाली द्रव आत राखण्याचे काम ती कडी करतेच, शिवाय ती आणखी एक काम करते.

ही कडी, म्हणजे सील, कॅलिपरच्या भोकातील खाचेत बसते आणि पिस्टनला घट्ट धरून ठेवते. पेडल दाबले की पिस्टन पुढे सरकतो. सीलचा आतला काठ त्याच्याबरोबर ओढला जातो, बाहेरचा भाग मात्र खाचेतच राहतो आणि रबर तिरके होते. दाब सुटताच रबर मूळ आकारात परतते व पिस्टनला किंचित मागे खेचते, त्यामुळे पॅडचा डिस्कवरील दाब सुटतो. पॅड झिजल्याने पिस्टनला जास्त पुढे जावे लागले, तर तो सीलमधून घसरतो आणि पुढच्या जागी पुन्हा धरला जातो. परत खेचणारी स्प्रिंग नाही, अंतर जुळवणारा स्क्रू नाही. दोन्ही कामे रबराच्या लवचिकतेवर भागतात, हे मला या रचनेतले सर्वांत सुंदर अंग वाटते. (सुरुवातीच्या डनलॉप कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेण्यासाठी वेगळी पिन होती; वरचे वर्णन नंतर सर्रास झालेल्या रचनेचे आहे.)

म्हणूनच जोडणीपूर्वी सर्वाधिक वेळ द्यावा तो सीलच्या खाचेला. तिच्या तळाशी गंजाचा पातळ थर राहिला, तरी तो सीलला आतून रेटतो, सील पिस्टनला गरजेपेक्षा जास्त आवळते आणि नवे सुटे भाग घालूनही ब्रेक अडकून राहतो. खाच साफ करताना तिच्या कडांना ओरखडे पडू नयेत. पिस्टनवरील क्रोमच्या मुलाम्याखाली गंज शिरून खड्डे पडले असतील, तर पॉलिश करण्यात अर्थ नाही. असा पिस्टन बदलावा. अनेक जण त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा पिस्टन घालतात.

रबराची निवड व वंगण हे रसायनशास्त्राचे प्रकरण आहे. साधे ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लागले की ब्रेकच्या सीलचे रबर फुगते; म्हणून जोडताना ताजे ब्रेक फ्लुइड किंवा ब्रेकसाठीचे खास लाल रबर ग्रीसच वापरावे. पिस्टन सरळ धरून बोटांच्या दाबाने आत जायला हवा. तो तिरका होऊन अडकला, तर हातोडी न मारता बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी, कारण एका चुकीच्या ठोक्याने सीलची कड कापली जाते. काही जर्मन कॅलिपरमध्ये पिस्टनच्या तोंडाला पायरी असते व ती २० अंशांच्या कोनात बसवावी लागते. त्या पायरीमुळे पॅडची एक कड कमी दाबली जाते आणि ब्रेकची किंचाळी कमी होते.

कॅलिपरचे दोन अर्धे भाग उघडले असतील, तर त्यांच्यामधील फ्लुइडच्या मार्गाचे सील नवे घालावे आणि मूळ दर्जाचे बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. अनेक निर्माते हे भाग उघडूच नका असे बजावतात.

कॅलिपर गाडीवर चढवताना हवा काढण्याचे निपल वरच्या टोकाला आले पाहिजे. डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल झाले की निपल खाली जाते, वर अडकलेली हवा कितीही फ्लुइड सोडले तरी निघत नाही आणि पेडल मऊच राहते. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र ५० बारला मूळ आकारमानाच्या पन्नासाव्या भागाएवढी आक्रसते. ग्लायकॉलवर आधारित फ्लुइड हवेतील पाणी शोषते, त्यामुळे डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सियसवरून १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून भरायचे फ्लुइड नुकत्याच उघडलेल्या डब्यातले असावे.

पिस्टन पूर्ण आत ढकललेले असल्यामुळे पेडल पहिल्यांदा दाबल्यावर थेट तळाला जाते. ते गाडी हलवण्यापूर्वीच अनेकदा दाबून घट्ट करावे, मग चाक हाताने फिरवून पाहावे. पॅडचा हलका स्पर्श चालतो. चाक एकाच ठिकाणी अडत असेल, तर दोष बहुधा कॅलिपरचा नसून डिस्कच्या वाकडेपणाचा असतो, आणि तो डायल गेजने मोजता येतो.